नवशिक्यानं आधी मरून पाहावं

परवा बडनेरा स्टेशनवर बुकिंगच्या खिडकीत माझ्या शेजारच्या नव्या क्लार्कनं विचारलं, "सर, तो तुमचा गेम मी पण घेतला. पहिल्याच राक्षसापाशी अकरा वेळा मेलो. काही टिप्स द्या ना!"

टिप्स म्हणे! माझ्याकडे टिप्स नाहीत बाबा, किस्से आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा, अमरावतीच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये आम्ही आठ जण आठ मशिनींना बांधलेले असतो. उठून कुठं जाता येत नाही. मग अंगात पाणी साचतं तसे किस्से साचतात. पाणी निदान मशीन काढून घेतं.

गेमचं नाव सांगत नाही, कंपनीची फुकट जाहिरात कशाला! राज्य सडलेलं, राजा सडलेला, उजेडाचा पत्ता नाही आणि तुम्ही एक फाटका शिपाई. जो दिसेल तो तुम्हाला मारायलाच उभा. मला पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं.

*

नवशिक्याला पहिला सल्ला, दोन्ही हात वापरा. हसू नका. चार तास छताकडे पाहून वेड लागायची पाळी आली म्हणून मी तो हातात धरायचा गेम घेतला आणि सेंटरला आणला. डाव्या हातात दोन सुया खुपसल्यावर लक्षात आलं, हा हात हलवायचाच नाही. हलवला की मशीन बोंबलतं.

शेजारच्या बेडवर गजूभाऊ. दर्यापूर-अमरावती काळीपिवळी जीप पंधरा वर्षं चालवलेला माणूस. बराच वेळ टकमक पाहत होता.

"साहेब, तुमचा माणूस नुसता उभा राहून मार खाऊन राह्यला. त्याले बाजूले घ्या न!"

"एका हातानं चालवू का मारू?"

"मंग अर्धं इकडं द्या."

त्या गेमची दोन्ही बाजूंची कंट्रोलं सुटी निघतात. स्क्रीन मधल्या स्टुलावर ठेवला. चालणं माझ्याकडे, तलवार गजूभाऊकडे. तो मारायला जाई तेव्हा मी पळत असे, मी पुढं जाई तेव्हा तो हवेत वार करी. पहिल्या दिवशी चौदा वेळा मेलो आणि चौदाही वेळा एकमेकांना शिव्या घातल्या.

सिस्टर आमचं बीपी पाहून म्हणाल्या, "दोघं मिळून एक माणूस, आणि तोही धड जगत नाही!"

*

आता गजूभाऊचं एक सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्याच्या बायकोची, संगीतावहिनींची, किडनी त्याला जुळली. सगळे रिपोर्ट झाले, नागपूरचे डॉक्टर तयार, वहिनी तर कधीच्या तयार. आणि हा नाही म्हणतो! आमच्यातल्या सहा जणांना द्यायला कोणी नाही. रिपोर्टचं नाव काढल्यापासून माझा सख्खा भाऊ माझा फोन उचलत नाही. आणि या माणसाच्या घरात माणूस हात पुढं करून उभं आहे. सांगतो, कधीकधी त्याच्या मशिनीची नळी पिळून टाकावी असं वाटे मला.

मशीनवर माणूस काही जन्मभर टिकत नाही. हे आम्हा आठही जणांना माहीत आहे, त्यालाही.

*

दुसरा सल्ला, घाई करू नका. शत्रू आधी हात उचलतो, मग मारतो. हात उचलला की बाजूला कोलांटी मारायची, त्याचा वार फुकट गेला की आपला करायचा. एवढंच.

पण गजूभाऊ पडला ड्रायव्हर. समोर कोणी दिसलं की थेट अंगावर! एका अरुंद पुलावर ढालवाला सांगाडा वाट अडवून उभा होता. सात वेळा त्यानं आम्हाला खाली फेकलं. आठव्यांदा गजूभाऊनं सगळी बटणं निरखून पाहिली आणि मला गंभीरपणे विचारलं,

"साहेब, याच्यात हॉर्न कोणता हाये?"

*

तिसरा सल्ला बाटलीचा. शिपायाजवळ औषधाची एक बाटली असते. पाचच घोट. जखम झाली की एक घोट घ्यायचा, अंगात जीव भरतो. घोट संपले की संपले. नवशिके इथंच फसतात, घाबरून उगाच पितात.

आम्ही याच्यात मात्र पक्के. डायलिसिसच्या माणसाला घोट मोजायला कोणी शिकवावं लागत नाही!

चार नंबरवर इंगळेकाका असत, धामणगाव रेल्वेचे रिटायर पोस्टमास्तर. मे महिना, बाहेर जाळ, आणि काकांना डॉक्टरांनी अख्ख्या दिवसात दोनच पेले पाणी ठरवून दिलेलं. तेही औषधाच्या गोळ्यांसकट. एक दिवस म्हणाले, "माह्या हातात द्या एकदा." गजूभाऊनं आपली बाजू त्यांच्याकडे पाठवली.

शिपाई ठणठणीत उभा. आजूबाजूला कोणी नाही. काकांनी बाटलीचं बटण दाबलं. शिपायानं मान वर करून घोट घेतला. पुन्हा दाबलं. पुन्हा.

गजूभाऊ ओरडला, "काका! काहून संपवून राह्यले? लागलं कुठं आपल्याले अजून?"

काकांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "बाबू, मले इथं तरी पिऊ दे!"

पाचही घोट आम्ही त्यांना पिऊ दिले.

*

गेममध्ये मधूनमधून शेकोटी लागते. तिथं बसलं की जखमा भरतात, बाटली भरते. पण मारलेले सगळे शत्रू पुन्हा उभे राहतात. नवशिक्यांना याचा फार संताप येतो. मलाही आला.

गजूभाऊ म्हणाला, "त्यात काय झालं? शनिवारी रक्त साफ, मंगळवारी पुन्हा तेच. आपलं काय वेगळं हाये?"

पुढच्याच मंगळवारी चार नंबरचा बेड रिकामा होता. गुरुवारी तिथं नवीन चादर, नवीन माणूस. आम्ही टेक्निशियनला विचारलं. तो नळ्या जोडत म्हणाला, "काकांची शिफ्ट बदलली."

आमच्याकडे हे वाक्य ऐकून पुढं कोणी विचारत नाही. गजूभाऊनं विचारलं.

"दुपारची का संध्याकाळची?"

टेक्निशियननं पुढची नळी हातात घेतली.

"सांग न बे! त्याईचा चष्मा राह्यला माह्यापाशी."

*

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. मदत मागायला लाजू नका.

शेवटून दुसऱ्या दारामागे एक काळा राजा आहे. त्याच्यापायी आमचे दोन महिने गेले. दाराबाहेर फरशीवर एक खूण चमकत असते. तिच्यापाशी उभं राहून बटण दाबलं की गंजक्या चिलखतातली एक बाई प्रकट होते आणि तुमच्या बाजूनं लढते. जगभरचे खेळणारे तिला बोलावतात. गजूभाऊ? नाही!

"बाईले पुढं करायचं अन् आपण मांगं राहून बाटली प्यायची? आपल्याच्यानं नाई होत ते."

एका शनिवारी त्याला डुलकी लागली. मी टेक्निशियनला खुणेनं बोलावलं आणि गजूभाऊच्या बाजूचं बटण दाबायला लावलं. आली बाई! काय लढली म्हणून सांगू! अर्धा राजा तिनं एकटीनं संपवला. आवाजानं गजूभाऊ जागा झाला. तेवढ्यात राजा वळला आणि त्यानं तिला उभी चिरली.

दीड तासानं मशीन थांबलं. सुया काढताना गजूभाऊ म्हणाला, "साहेब, पुन्हा तिले बोलवायचं नाई."

माझं डोकंच फिरलं. "अबे, गेम हाये तो! अन् नागपूरले डॉक्टर हायेत, राक्षस नाईत! देणारं माणूस दारात उभं हाये अन् तू मरून राह्यला इथं फुकट!"

सगळा वॉर्ड वळून पाहायला लागला. सिस्टरसुद्धा.

"तिले काई झालं तं माह्या पोरीले काय सांगू?" तो भिंतीकडे पाहत म्हणाला. मला शरम वाटली, राग मात्र गेला नाही.

*

आणि हा मागच्या मंगळवारचा.

नऊ वाजता घरच्यांना पाच मिनिटं आत सोडतात, नाश्ता भरवायला. वहिनी ब्लाउज शिवतात, गळ्यात टेप तशीच अडकवून आल्या होत्या. हातात उपम्याचा डबा. गेमकडे त्यांनी आजवर ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"हा तुमचा माणूस दारापाशी काहून उभा हाये?"

"अंदर राजा हाये," गजूभाऊ म्हणाला. "मारते."

"अन् हे खाली काय चमकून राह्यलं?"

मग मीच सांगितलं, "वहिनी, तिथं बोलावलं की एक बाई येते मदतीले. पण हे बोलवत नाईत."

"काहून?"

"मरते ते," गजूभाऊ म्हणाला.

वहिनींनी डबा उघडला. त्याच्या मोकळ्या हातातलं कंट्रोल काढून घेतलं, त्याजागी चमचा दिला. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या,

"तिले विचारलं होतं का तुमी?"

गजूभाऊनं चमचा तसाच धरून ठेवला.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, बोलवायचं बटण कोणतं हाये?"

मी सांगितलं. गजूभाऊ "अवं, थांब" म्हणेपर्यंत त्यांनी दाबलंही होतं.