सराईच्या ओट्यावर माझा खराटा

आमच्या गावातली निजामाच्या काळातली सराई सरकारनं संरक्षित ठरवून दुरुस्तीला घेतली, तेव्हा मी साठीच्या आतली, म्हणजे तरणीच. अक्कल मात्र त्याहून तरणी.

सराईच्या दगडी ओट्यावर मागं कुणीतरी छपराला सिमेंटचे पत्रे टाकले होते. ते काढायला पांढऱ्या झग्यातली, जाड मास्क लावलेली माणसं आली. पाणी मारून मारून एकेक पत्रा अख्खा उतरवायची आणि प्लास्टिकात गुंडाळायची.

“काय गं पोरी, पत्र्याला न्हाऊ घालून राह्यले का? मंग हळद पण लावा!” मी त्यांच्या मुकादम पोरीला म्हणाले.

ती हसली. “आजी, ह्याच्यात अॅस्बेस्टॉस असतं. कोरडी धूळ छातीत गेली की निघत न्हाई. आत येऊ नका. अन् झाडू तर बिलकुल न्हाई.”

झाडू नको, हे माझ्या कानात शिरलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाहणीला सरकारी साहेब येणार होते. एका फुटक्या पत्र्याचा भुगा उन्हात वाळून पडला होता, माणसं जेवायला गेली होती आणि गावाची इज्जत काय ती माझ्याच हातात! त्यांनी ओट्याभोवती लावलेला प्लास्टिकचा पडदा उचलला, पदर खोचला, खराट्यानं ओटा चकाचक केला. सडा मारला, तोही झाडून झाल्यावर. माझी एवढीशी नात मागोमाग वाकून हातानं भुगा गोळा करत होती. मला तिचं कौतुक वाटलं.

मुकादम पोरगी परत आली ती पडद्याशीच थबकली. “आजी, लेकरू कव्हापासून आत हाय?”

तिनं आम्हाला ओल्या फडक्यानं पुसलं. माझं पातळ आणि नातीचा झगा पत्र्यांच्याच पिशवीत गेला. कामगारांच्या पांढऱ्या झग्यात मी रस्ता ओलांडला, तर टपरीवरून आवाज आला, “काकू, नवीन भरती का?” एरवी मी त्याला सोडलं नसतं.

डॉक्टर म्हणाले, एकदाच्या धुळीनं धोका फार कमी. अजिबात नाही, असं काही म्हणाले नाहीत. मी त्या ‘अजिबात’चीच वाट बघत होते.

घरी आल्यावर सून लेकीचे केस पुन्हा धुवायला बसली. मला काहीतरी करणं भागच होतं. मीठ-मिरच्या घेऊन नातीवरून ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकायला निघाले.

सुनेनं मान वर केली नाही. “आत्याबाई, आता तो धूर तरी राहू द्या.”

मी मिटल्या मुठीनं परसात जाऊन उभी राहिले.