आबांनी घातलेलं गाऱ्हाणं

आबा परब गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की तारकर्लीच्या समुद्राची लाट अर्ध्यावर थांबायची, ऐकून झाल्याशिवाय फुटायची नाही. धामापूरच्या तळ्यातले मासे माना वर काढायचे. कसालच्या बाजारात गिऱ्हाइकं घासाघीस सोडून हात जोडायची. यातलं शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बाकीचं कोणालाही विचारा.

रवळनाथाच्या जत्रेत सगळ्या गावाच्या वतीनं देवाकडे मागणं मागायचा मान परबांच्या घराचा. हातात नारळ धरून आबा सुरू करत, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडे.

"मुंबैक गेल्या झिलांका भरल्या हातान परत हाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ही सवय लोकांच्या हाडात इतकी मुरलेली, की आबांनी चहाच्या हॉटेलात "साखर कमी घाल रे" म्हटलं तरी दोघेतिघे होकार देऊन मोकळे होत.

एरवी माणूस थंड. कोणी भांडण घेऊन आला की म्हणत, "माका सांगा नको. माझो आवाज मोठो, कान बारीक." पण भिकाजी तांडेलाचं दुःख त्या बारीक कानात शिरलं.

जत्रेच्या दिवशी होडी पाण्यात घालायची नाही, हा गावचा दंडक. भिकाजीचं जाळं वाहून चाललं म्हणून त्यानं ती घातली. मुख्य मानकरी बापू गावकरांनी त्याला वाळीत टाकलं. त्याच्या घरचं पाणीसुद्धा कोणी प्यायचं नाही. पुढे त्याच्या मुलीचं, रखमाचं लग्न ठरलं, तेव्हा व्याही म्हणाला, "मांडवात तुझा गाव दिसला नाही, तर आम्ही परत फिरू." भिकाजी बापूंच्या पाया पडला.

"देवाचो अपराध तो," बापू म्हणाले. "माका काय इचारतंस? देवाक इचार."

आबा तिथेच विडा लावत होते. "बरा," एवढंच म्हणाले.

त्या वर्षीच्या जत्रेत गाऱ्हाणं नेहमीसारखं चाललं. गुरंढोरं झाली, पाऊसपाणी झालं, मासळी झाली. आवाज किंचितही न बदलता आबा पुढे म्हणाले, "चुकलेल्या भिकाजीक पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या चेडवाच्या लग्नाक ह्यो सगळो गाव जेवूक धाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या ओरडण्यानं देवळाची कौलं वीतभर उचलली गेली आणि पुन्हा जागच्या जागी बसली. सगळ्यांत मोठा आवाज बापूंचा होता. मग आपण काय बोललो ते एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं. ढोलवाल्याची काठी हवेतच राहिली.

"आबा, तू गावाक फसयलंस!" बापू कडाडले.

"मी खंय फसयलंय? देवाक इचार म्हणालंस, इचारलंय. होकार तुझो."

देवासमोर दिलेला शब्द परत घ्यायची छाती कोणात नव्हती. लग्नाला गाव झाडून आला. बापूही आले, तोंड वाकडं करून बसले, आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं पानात पडल्यावर ते तोंड आपोआप सरळ झालं.

मात्र गाऱ्हाण्याचा मान मानकऱ्यांनी आबांकडून कायमचा काढून घेतला. एकदा मी विचारलं, "आबानू, वाईट वाटता?"

"वाटता रे," ते म्हणाले. "वर्सातून एकदा गळो मोकळो होय. आता घरात बायलेवर वरडतंय, तर ती व्हय म्हणना नाय."

आबा एका पावसाळ्यात गेले. त्यानंतरच्या जत्रेत रखमा आपलं रांगतं पोर घेऊन देवळात आली. ते रांगत रांगत मानकऱ्यांच्या बैठकीत गेलं, बापूंच्या मांडीवर चढलं आणि त्यांच्या ठेवणीतल्या धोतरावर मुतलं. भिकाजी पुढे धावला, तसा बापूंनी हात आडवा केला.

"ऱ्हवांदे रे, पोरच ता," ते म्हणाले, आणि खांद्यावरच्या पंच्यानं आधी पोराला पुसलं, मग धोतर.