वरच्या दोन खोल्या

बाबा जळगावच्या एका पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी पीएफमधले पैसे काढून आमच्या घरावर दोन खोल्या बांधल्या. प्रत्येकीला वेगळा ओटा, वेगळा नळ, बाहेरून जिना. या खोल्यांच्या भाड्यावर त्यांचं आणि आईचं पुढचं आयुष्य चालणार होतं, कारण पेन्शन म्हणण्यासारखं त्यांना काही मिळणार नव्हतं. हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. गावाकडे बाबा कंपनीतले म्हणून ओळखले जायचे आणि कंपनीतल्या माणसाला सगळं मिळतं, असा तिकडे समज होता. बाबांनी तो मोडला नाही.

रंग वाळतोय तोवर पहूरहून चुलतकाकांचा मुलगा अभ्यासासाठी राहायला आला. शहरात घर असलेल्या माणसाकडे गावची मुलं शिकायला राहतात, त्यात विचारायचं काही नसतं. भाड्याच्या जागी केळी आणि भाकरीसाठी कळण्याचं पीठ येत राहिलं.

"आता लाइट बिलही पिठात भरा," आई एकदा म्हणाली. बाबा नुसते हसले.

तो परीक्षा देऊन परत गेला तेव्हा बाबांनी फाटकावर 'खोल्या भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावली. त्याच आठवड्यात धरणगावहून आत्या आली. ती बाबांची मोठी बहीण. तिच्या मुलाला जळगावात नोकरी लागली होती.

"खोल्या रिकाम्या पड्या शेतस आनि मना पोऱ्या रोज बसमा धक्का खास," ती म्हणाली. "ती पाटी काढ भाऊ. लोके काय म्हनतीन?"

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "खोल्या आते पोरना नाववर शेतस, अक्का. तिलेच इचार."

कागद त्यांच्याच नावावर होते. पण नातेवाइकांत माझ्याविषयी एक मत पक्कं आहे: इंग्लिश मिडियमची, शिष्ट, कोणाशी बोलत नाही. मला अनोळखी किंवा ओळखीच्या, कुठल्याच माणसांशी पटकन बोलता येत नाही, एवढंच खरं. मी गप्प बसेन आणि आत्या त्याला नकार समजेल, असा बाबांचा हिशेब असावा.

"काय वं मॅडम," आत्या माझ्याकडे वळली, "आत्यापाशी भाडं लेशी का?"

स्वयंपाकघरातला आईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"आत्या, बाबांना पेन्शन नाहीये," मी म्हणाले.

आत्या हसायला लागली. "मस्करी करस का? एवढी मोठी कंपनी आनि पेन्शन नही?" मग तिनं बाबांकडे पाहिलं.

"नही," बाबा म्हणाले. ते टीव्हीकडेच बघत होते.

आत्यानं आईकडे अर्धा कप चहा आणखी मागितला. तो संपवून ती उठली. निघताना चपला घालता घालता ती मला म्हणाली, "पहिली तारीखले पोऱ्या भाडं देई. नही दिधं तं माले फोन करजो." बाबांना ती काही म्हणाली नाही.

आत्याचा मुलगा एका खोलीत राहायला आला आणि भाडं वेळेवर येऊ लागलं.

उन्हाळ्यात धरणगावला लग्न होतं. एरवी अशा लग्नांत बाबांभोवती माणसं जमायची. पोराला कंपनीत चिकटव, कोणाला तरी सांगून बघ, असं चालायचं. बाबाही मान डोलवत ऐकून घ्यायचे. त्या दिवशी तसं कोणीच आलं नाही. पंगतीत नात्यातल्या एका आबांनी त्यांच्या ताटात आग्रहानं आणखी एक बट्टी घातली आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊ, भाडं येस ना येळवर?" दुखणाईताची विचारपूस करावी तसं.

"येस," बाबा म्हणाले आणि वरण ओतून घेतलं.

परतताना गाडी बाबाच चालवत होते. पाळधी आली. तेव्हा रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "दुसरी खोली तूच दे कोणाला तरी. पण बाहेरचा माणूस बघ."

मी बरं म्हणाले.