सासुरवाडीचे शब्द

भाषाशास्त्र शिकलेल्या बाईचं अमिरातीतल्या फुजैरात काय काम, असं मला सगळेच विचारतात. नवऱ्याची नोकरी इथल्या तेलाच्या टर्मिनलवर आहे. मी घरी बसून परदेशातल्या एका विद्यापीठासाठी पापुआ न्यू गिनीतल्या भाषांची कुळं लावते. कुठली भाषा कुणाची बहीण, कुणाची चुलत, कुणाची कुणीच नाही. स्थळं बघणाऱ्या बायकांचंच काम हे, फक्त यात जेवणावळ नसते.

एका भाषेपाशी मी अडले होते. डोंगरापलीकडच्या मोठ्या भाषेची ती बहीण, असं कुणीतरी फार पूर्वी थोड्याशा शब्दांवरून ठरवून टाकलेलं. ताडून बघायला ती बोलणारा माणूस हवा होता. एके दिवशी नवरा दारातूनच म्हणाला, "अगं, तुझ्या त्या डोंगरातला एक माणूस आमच्या टगबोटीवर जॉइन झालाय. यल्ला, चल, सॅटर्डेला भेटवतो." आनंदाच्या भरात बिचाऱ्याला चहा द्यायचंही मी विसरले.

बंदराजवळच्या कॅफेटेरियात आम्ही इथला कडक, दुधाळ करक चहा घेऊन बसायला लागलो. तो चाळिशीचा, धिप्पाड, खाली बघून बोलणारा, इंग्रजी कामापुरतं. पहिल्याच भेटीत त्यानेच मला प्रश्न केला, "मॅडम, आमची भाषा आणि पलीकडची, बहिणीच ना?"

त्याची बायको पलीकडची होती. लग्नानंतर ती त्याचीच भाषा बोलायला लागली, त्यामुळे तिची त्याला कधी शिकावी लागली नाही. ती वारली, आणि मुलगा आजोळी वाढतोय. लहान आहे, अजून शाळेतही गेलेला नाही, आजोळची भाषा सोडून त्याला दुसरं काही येत नाही. फोनवर दोघं नुसते एकमेकांना हाक मारतात. "भाषा बहिणी असल्या," तो म्हणाला, "तर पोरगा माझ्यापासून फार लांब गेलेला नाही."

माझी मुलगी इथेच वाढली. मी विचारते, "जेवलीस का गं?" ती म्हणते, "ऑलरेडी एट, आई." तिच्या तोंडून एक अख्खं मराठी वाक्य ऐकायला माझा जीव आसुसलेला असतो. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक लगेच कुठल्यातरी मराठी वर्गाचा पत्ता देतात.

सुरुवात तर झकास झाली. आग, दगड, पाऊस, एकामागून एक शब्द पलीकडच्या भाषेशी जुळत गेले. तो खूश, मीही खूश. पण काहीतरी खटकत होतं. काही शब्दांआधी तो थबकायचा, मग बोलायचा. आणि जुळायचे ते नेमके हेच.

हे थबकणं माझ्या ओळखीचं होतं. माझी आत्या जन्मात कधी 'साखर' म्हणाली नाही. सासऱ्यांच्या नावात साखर होती. ती 'गोड' म्हणायची. चहात गोड किती घालू, डब्यातलं गोड संपलं. तिच्याकडून कुणी मराठी लिहून घेतली असती, तर आपल्याकडे साखर नाहीच असं ठरलं असतं.

"या गोष्टींचे खरे शब्द तुमच्या सासऱ्यांच्या नावात येतात का?" मी विचारलं.

तो दचकला, मग चक्क लाजला. सासूसासऱ्यांची, मेहुण्यांची नावं घ्यायची नाहीत, आणि नावासारखे वाटणारे शब्दही उच्चारायचे नाहीत. त्याऐवजी गावात पूर्वापार चालत आलेले दुसरे शब्द आहेत, ते वापरायचे. ते पलीकडून आलेत हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या जुन्या पाहणीतही अशाच जावयांनी शब्द सांगितले असणार!

खरे शब्द त्याच्या बहिणीने सांगितले. तिचं लग्न झालेलं नाही, तिला कसलंच बंधन नाही. फोनला रेंज मिळावी म्हणून ती टेकडीवर चढून आली. तिने बोलायला सुरुवात केली, तसा तो फोन माझ्या हातात देऊन बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. सासऱ्यांचा मान तिथेही राखायचा होता.

पुढे कितीतरी दिवस मी ते शब्द उलटसुलट करून पाहिले. जुळावेत म्हणून देव पाण्यात घालायचेच बाकी होते. एकही जुळला नाही.

"बहिणी नाहीत," मी त्याला सांगितलं. "तुमची भाषा, आज तरी, एकटीच आहे."

तो पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "म्हणजे माझ्या आणि मुलाच्या तोंडात सारखा एकही शब्द नाही?"

मी काहीतरी थाप मारणार होते. तेवढ्यात सुचलं की खरं तेच सांगण्यासारखं आहे. "आहेत की. सासऱ्यांचं नाव टाळायला तुम्ही जे वापरता, ते सगळे."

त्याने तिथेच मुलाला फोन लावला. आग, तो म्हणाला. दगड. मग प्रश्न विचारावा तसं, पाऊस? पलीकडून मुलगा एकदम भरभरून बोलायला लागला. बापाला त्यातलं एखाददुसऱ्या शब्दापलीकडे काही कळत नव्हतं हे दिसतच होतं, पण फोन घट्ट कानाशी धरून तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग फोन खाली ठेवून मला म्हणाला, "तिकडे पाऊस पडतोय."