बरण्यांच्या खोलीतला धूप

पुण्यात जैवतंत्रज्ञानाचे उद्योग एवढे का फोफावले, हे सांगायला मला अधूनमधून कुठे कुठे बोलावतात. मी पडद्यावर चित्रं दाखवते. विद्यापीठ, राष्ट्रीय प्रयोगशाळा, लस बनवणारे कारखाने, दरवर्षी शिकून बाहेर पडणारी मुलं, बरी हवा, काही तासांवर मुंबईचा विमानतळ. समोरचे कोटवाले माना डोलावतात आणि मग जेवण असतं. मी थापा मारत नाही, हे सगळं खरंच आहे. पण हे शहर नेमकं कशात मोठं आहे, ते मला पुण्यात राहून कळलं नव्हतं. ते कळलं रत्नागिरीत, आमच्या घराच्या मधल्या खोलीत.

१९९८ साली आई गेली. तेव्हा मी पुण्यात ऊतिसंवर्धनाचं काम करत होते. म्हणजे झाडाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, बरणीत साखर आणि क्षार घातलेल्या खळीवर ठेवायचा आणि त्याची पुष्कळ रोपं करायची. एरवी काम सोपं आहे, पण त्या बरणीत बुरशीचा एक कण जरी शिरला तरी ती साखर आपल्या आधी तोच खातो. बाबा कचेरीतून निवृत्त झालेले होते आणि मी एकुलती एक. दिवसकार्याला आले ती राहिलेच. बाबांनी राहा म्हटलं नाही. त्यांनी फक्त रोज दोघांचा भात लावायला सुरुवात केली, आणि तो भात सोडून जायचं मला जमलं नाही.

पण नुसतं भात खात बसणारी मी नव्हे. मला बाबांपाशी राहायचं होतं आणि माझं कामही करायचं होतं. आपल्याकडे वाडीत नारळी-पोफळींच्या मध्ये केळी लावतातच. मग चांगल्या केळीची निरोगी रोपं आपण का करू नयेत, असं माझं म्हणणं. घरात बंद करता येईल अशी एकच खोली होती, मधली. आई शेवटी त्याच खोलीत होती. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "घे गो. रिकामी ठेवून काय करायची?" चुना त्यांनीच लावला. खाट त्यांनीच बाहेर काढली.

मांडण्या आल्या, दिवे आले, एक जुनं थंड हवेचं यंत्र आलं, गाळलेली हवा फेकणारी पेटी पुण्याहून टेंपोत घालून आली. बाबांना मी नियम घालून दिले. चपला बाहेर, पाय धुऊन आत, बरण्यांना हात लावायचा नाही. त्यांनी ते सोवळ्यासारखे पाळले. शेजारपाजारचे येऊन दारातून बघून जात. "हापूसची कलमं बरणीत करतेस काय?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला की शेवटी मी हो म्हणू लागले. आंबा बरणीत मुळीच ऐकत नाही, हे समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता.

खरा कंटाळा वेगळाच होता. त्या गावात माझं काम कळणारं दुसरं माणूस नव्हतं. डॉक्टरांना दुसरे डॉक्टर होते, मास्तरांना मास्तर होते, जेटीवर मासेवाल्या एकमेकींशी भांडायला तरी होत्या. मी एकटी. पहिल्यांदा बरणीत हिरवा कोंब फुटला तेव्हा मला नाचावंसं वाटलं. मी बाबांना बोलावून दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाले, "छान हिरवा आहे हो." ते मनापासून म्हणाले, पण मला रडू आलं. तो कोंब नुसता हिरवा नव्हता, तो वेळेआधी आला होता, आणि हे कौतुक कळणारं माणूस घाटापलीकडे बसलं होतं.

पावसाळ्यात बरण्या बिघडायला लागल्या. आधी एखाद्या बरणीत पांढरा कापूस दिसे, दोन दिवसांत तो हिरवट काळा होई, मग शेजारची बरणी जाई, मग फळीच्या फळी. मला वाटलं, विजेचा घोटाळा आहे. पावसात आमच्याकडची वीज संध्याकाळी हटकून जाई. वीज गेली की खोली तापते, म्हणून मी स्कूटर काढून जेटीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात जाई आणि बर्फ आणून घमेल्यांत घालून फळ्यांखाली ठेवी. मी मासळीचा धंदा सुरू केला अशी बातमी नाक्यापर्यंत गेली. एका बाईंनी तर सुरमई कधी मिळेल म्हणून विचारून ठेवलं.

बर्फाने काही झालं नाही. मी खोली धुतली, पुन्हा धुतली. भांडी दुप्पट वेळ वाफेवर ठेवली. पुस्तकं उलटीपालटी केली. पुण्याला, ज्यांच्या हाताखाली मी प्रयोगशाळेत काम केलं होतं त्या बाईंना फोन केला, तर खरखरीत अर्धं ऐकू येईना. राजापूरच्या एका बागायतदाराने रोपं सांगून ठेवली होती. तो माणूस सभ्य होता, घाई करत नव्हता, त्यामुळे मला जास्तच लाज वाटे. रोज सकाळी दार उघडून मी आधी बुरशी शोधायची. जेवताना बाबा विचारत, "आज किती गेल्या गो?" मी सांगे. त्यांचा घास हातात राही. मी इथे टिकते की नाही हे त्या बरण्यांवर होतं, आणि हे आम्हा दोघांनाही न बोलता माहीत होतं.

शेवटी बिघडलेल्या बरण्या टोपलीत कोंबून, मध्ये गवत घालून, मी पुण्याची एसटी धरली. कुंभार्ली घाटात टोपली मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या आजोबांनी लोणचं का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

पुण्यात बाई मला प्रयोगशाळेत नेण्याआधी समोरच्या टपरीवर घेऊन गेल्या. आम्ही पूर्वी रोज चार वाजता तिथेच असायचो. विद्यापीठात बुरशीवर काम करणारे एक गृहस्थ तिथे कायमचेच उभे असत. लस बनवणाऱ्या कारखान्यात हवेची स्वच्छता तपासणारी एक मुलगी होती, तिला मी ओळखतही नव्हते. चहा यायच्या आत बरणी हातोहात फिरली. गृहस्थांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "ही खोलीतली बुरशी नाही. ही ओल्या सालपटावर, भुशावर, नारळाच्या सोडणावर वाढते. असलं काही आत आणता का?" मी म्हटलं, वेड लागलंय का मला? मग त्या मुलीने विचारलं, "वीज कधी जाते?" संध्याकाळी. "मग खोली तापून पुन्हा गार झाली की बरण्या कापसाच्या बुचातून हवा आत ओढतात. त्या वेळी खोलीच्या हवेत काय असतं?" बाईंनी तिसरा प्रश्न विचारला, "आणि त्या वेळी तू कुठे असतेस?"

मी बर्फ आणायला गेलेली असते, असं सांगता सांगताच मला घरची दिवेलागण आठवली.

आमच्याकडे दिवेलागणीला आई घरभर धूप फिरवायची. न्हाणीच्या चुलीतले निखारे धुपाटण्यात घ्यायचे, वर सोडण कुसकरून टाकायचं, ते धुमसायला लागलं की ऊद, आणि एकेक खोली करत सगळं घर. आईमागे बाबा ते करत होते. घराला रोज तो वास असे. पण ज्या वासात आपण जन्मलो, त्याचा संशय आपल्याला कसा यावा? सोडणांचा ढीग न्हाणीमागे पावसात भिजत पडलेला असे आणि त्यावर हिरवी पूड चढलेली असे; सोडण कुसकरलं की ती हवेत उडे. हे सगळं मी लहानपणापासून पाहिलेलं. टपरीवर उभ्या असलेल्या त्या तिघांनी आमचं घर कधीच पाहिलं नव्हतं.

निघताना बाई म्हणाल्या, "जागा रिकामी आहे. केव्हाही ये." मी हसून विषय टाळला. मला दोष सापडला होता. आता तिकडे सगळं नीट होणार होतं.

मी घरी पोचले ती नेमकी तिन्हीसांजेला. वीज गेलेली होती. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. उंबऱ्याबाहेर बाबांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या, पाय धुतल्याची ओली पावलं आत गेली होती. आत बाबा मांडण्यांमधून धुपाटणं फिरवत होते. प्रत्येक फळीपाशी थांबत, सोडण हाताने कुसकरून घालत आणि सुपलीने धूर बरण्यांवर नीट लोटत. मग जिथे आईची खाट असे त्या कोपऱ्यात गेले आणि तिथे जरा जास्त वेळ उभे राहिले.

मला पाहून त्यांना आनंद झाला. म्हणाले, "आलीस? तुझ्या बरण्या बिघडतात म्हणून मी हल्ली दुप्पट धूप घालतोय हो. जंतू मरायला हवेत ना?"

ते माझ्याच मदतीला धावत होते, आणि जितक्या बरण्या बिघडत तितका धूप वाढवत होते. मी ओरडले असते तर बरं झालं असतं. मी उंबऱ्यावर बसले आणि अगदी हळू, एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं, सगळं सांगितलं. सोडणाची बुरशी, कापसाची बुचं, विजेचं जाणं. बाबा धुपाटणं हातात धरून ऐकत होते. धूर त्यांच्या तोंडावर जात होता. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "असं होय." मग पुन्हा म्हणाले, "असं होय." आणि धुपाटणं घेऊन बाहेर अंगणात गेले.

दुसऱ्या दिवसापासून धूप मधल्या खोलीच्या दारापर्यंत येई आणि वळे. नंतर मी म्हटलं नव्हतं तरी शेजारच्या खोल्यांतही येईना, आणि मग एक दिवस बंदच झाला. न्हाणीमागचा सोडणांचा ढीग बाबांनी एकट्याने उचलून वाडीच्या टोकाला नेऊन टाकला. बरण्या स्वच्छ राहायला लागल्या. राजापूरला रोपं गेली. त्या वर्षीच्या कोंबांसारखे कोंब मी पुढे पुण्यातही फार वेळा पाहिले नाहीत. संध्याकाळी वीज गेली की मी आत बरण्यांपाशी बसे, बाबा बाहेर ओटीवर. मध्ये घट्ट बंद केलेलं दार. घराला कसलाच वास नव्हता. मला त्या दिवसांत इतकं एकटं वाटे की बरण्या पुन्हा बिघडल्या तरी चालतील, असंही मनात येई.

पुढच्या पावसाळ्यात हवा गाळणाऱ्या पेटीत काहीतरी बिघडलं. मी आठवडाभर डोकं फोडून घेतलं. एका सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "तू पुण्याला जा गो."

मी म्हटलं, "का म्हणून? मी करते ना नीट."

"करशील. तुला येतं सगळं. पण त्या वेळी तिथं तुला चहाबरोबर कळलं. इथं मी रोज तुझ्या शेजारी जेवत होतो, तर मलाही कळलं नाही नि तुलाही कळलं नाही. इथं तुला विचारायला कोण आहे?"

मी पुष्कळ भांडले. तुम्ही एकटे कसे राहाल, जेवणाचं काय, सगळं काढलं. ते म्हणाले, भात त्यांना लावता येतो. खरी गोष्ट अशी की मला जायचं होतं. त्यांना ते दिसलं होतं, आणि मला ते त्यांच्या तोंडून ऐकावं लागलं याचा मला राग आला. मांडण्या उतरवताना बाबा बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून देत होते. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बरण्यांना हात लावला.

पुण्यात मी पोचले त्या दिवशी चार वाजता टपरीवर गेले. कुणाचं यंत्र बंद पडलं होतं, कुणाला एक रसायन मिळत नव्हतं, आणि चहा संपायच्या आत दोन्हींची सोय झाली. माझ्या पेटीच्या बिघाडाचं कारणही तिथेच सापडलं. मी हसले, बोलले, मला फार बरं वाटलं. मग दिवे लागले आणि मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन लावला.

पोचले, जेवले, खोली बरी आहे, असं सगळं सांगून झालं. बाबा ठेवतो म्हणाले आणि ठेवला नाही.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "आता मधल्या खोलीत धूप नेला तर चालेल ना गो?"

मी म्हटलं, "चालेल बाबा. न्या."