गावदेवीला आणलेलं छप्पर

देव नवसाला पावतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण देव नवसाची वस्तू घेत नाही आणि नवसातून मोकळंही करत नाही, अशी पंचाईत कुणाची झाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. ती माझी झाली, आणि तीही सगळ्या भावकीसमोर, अंगात नवा कोट घालून मी मोठ्या रुबाबात उभा असताना.

आम्ही तेव्हा मोंबासाला राहत होतो. लढाई संपून काही वर्षं झाली होती आणि मी तिथं रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो. आमची एकुलती एक सुमी तिथंच जन्मली. ती लहान असताना तिला असा ताप भरला की डॉक्टरांनी औषध बदलायचं सोडून नुसता माझ्या पाठीवर हात ठेवायला सुरुवात केली. त्या दुपारी बाहेर पाऊस कोसळत होता. मोंबासात घरं पत्र्याची, कचेऱ्या पत्र्याच्या, स्टेशनही पत्र्याचं. आमच्या घराच्या पत्र्यावर पावसाचा एवढा ताशा वाजत होता की उशाशी बसूनही मला सुमीचा श्वास ऐकू येईना. मी वर पाहिलं आणि का कुणास ठाऊक, मला आमची गावदेवी आठवली. कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या गाडीवाटेवरचं आमचं गाव, गावाबाहेरचं टेकाड, त्यावर दगडी चौथरा आणि चौथऱ्यावर शेंदूर माखलेली ती आई. डोक्यावर काही नाही. उन्हात तशी, पावसात तशी. मी मनात म्हणालो, आई, माझ्या डोक्यावर छप्पर आहे आणि तुझ्या नाही. एवढी पोर वाचव, मी तुझ्यावर छप्पर घालीन. पाऊस ओसरला तेव्हा सुमीनं पाणी मागितलं. ताप औषधानं उतरला की नवसानं, याचा वाद मी आजवर कुणाशी घातलेला नाही. मी छप्पर कबूल केलं होतं, एवढं मला पुरे होतं.

पुढं रजा मिळाली तेव्हा आम्ही तिघं बोटीनं देशी आलो. नातेवाइकांसाठी लुगडी, धोतरं घेतली आणि देवीसाठी मुंबईत कोरे करकरीत पन्हळी पत्रे घेतले. कर्जतला उतरून ते बैलगाडीत रचले आणि वर मी स्वतः बसलो. हत्तीवर बसलेला राजाही त्या दिवशी माझ्यापुढं फिका पडला असता. प्रत्येक खड्ड्याला पत्रे खणखणत होते आणि वाटेवरच्या वाड्यांतली माणसं कामं टाकून बघायला येत होती. सुमीला मी बोटीवरच सगळ्यांची वर्णनं करून ठेवली होती. मी अशी काही रंगवली होती, की खरे काका-काकू समोर आल्यावर ती थोडी हिरमुसली.

माझे चुलते तात्या भावकीतले वडीलधारे. त्यांनी सुमीच्या तोंडावरून हात फिरवला, मग गाडीकडे बघितलं. "गोठ्याला आनलंस का रं?"

"देवीला आणलंय, तात्या. नवस आहे. छप्पर घालायचंय."

तात्या ओटीवर बसले. "अरं, तिला छप्पर नाय चालत. तुझ्या आज्यानं गवताचं घातलं व्हतं, ते वाऱ्यानं नेलं. मंग कौलं घातली, ती पावसाळ्यात बसली. तिला आभाळच लागतं. तुला कुनी सांगितलं नाय?"

कोण सांगणार? आई-वडील गेल्यावर लहानपणीच मी मामांकडे मुंबईला शिकायला गेलो आणि तिथून परस्पर बोटीवर चढलो. माझी गावदेवी म्हणजे लहान पोरानं पाहिलेली गावदेवी. तिला पाऊस लागतो एवढंच मला दिसलं होतं. तो तिला हवा असतो, हे समजायचं वय झालं तेव्हा मी समुद्रापलीकडे होतो.

पण सौभाग्यवती ऐकेनात. "तुम्ही छप्पर बोललात आणि पोर वाचली," त्या म्हणाल्या. "ते फिटल्याशिवाय मी तिला घेऊन बोटीत पाय ठेवायची नाही." त्यांच्या डोळ्यांत मला ती मोंबासाची दुपार दिसली.

मग कौल लावायचं ठरलं. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. अर्धं गाव टेकाडावर जमलं होतं. मी कोटाची बटणं लावून विचारलं, आई, छप्पर घालू का? डावी कळी पडली. बरं, मग त्याऐवजी घंटा घे, चांदीचे डोळे घे, गावजेवण घे, आणि छपरातून मला मोकळं कर. गुरवानं नव्या कळ्या लावल्या. पुन्हा डावी.

मग तात्यांचा मुलगा धोंडू म्हणाला, "दादा, तिनं तुला धरलाय. आता आफ्रिका इसर आनि उद्यापासनं नांगराला ये." सगळं टेकाड हसलं. मीसुद्धा हसलो; कोट घातलेल्या माणसाला दुसरा इलाज नव्हता.

पत्रे तात्यांच्या अंगणात पडून राहिले. बायकांनी त्यांच्यावर कुरडया वाळत घातल्या. जाणारा-येणारा मला विचारी, "काय, देवीचं घर झालं का बांधून?" मी रोज टेकाडावर जाऊन देवीशी हुज्जत घालत असे, अगदी मालधक्क्यावर घालतो तशी. माल तू घेत नाहीस, परत पाठवू देत नाहीस, मग मी करू तरी काय? रजा संपत आली. शेवटी एका सकाळी माझ्याजवळचे मुद्दे संपले. मी नुसता चौथऱ्यापाशी बसलो आणि म्हणालो, आई, मला काही सुचत नाही. छप्पर तुझं, पोर तुझी, तूच बघ. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मला जेवण गोड लागलं.

आमची निघायची वेळ आणि देवीची चैत्रातली पालखी एकाच दिवशी आली. देवीचा जुना लाकडी मुखवटा पालखीत बसून कर्जतच्या बाजूच्या शिवेवर आपल्या बहिणीला, शेजारगावच्या देवीला, भेटायला जातो. वाटेत पालखी भुईला टेकवायची नाही, हा तिचा नेम. पुढच्या दांड्याला खांदा देण्याचा मान तात्यांचा; सत्तरी उलटली तरी त्यांनी तो सोडला नव्हता. मागून आमची गाडी, तीत ट्रंका, सुमी आणि देवीनं मोकळं केलं तर कर्जतला विकायचे पत्रे. सौभाग्यवती गाडीत बसल्या नाहीत. शिवेवर आणखी एकदा कौल लावायचा, आणि तिथंही नाही म्हणाली तर आपण मागं फिरायचं, असं सांगून त्या अनवाणी पालखीमागून चालत होत्या.

भातशेतांच्या मधोमध आम्ही आलो आणि घाटाकडून काळंभोर आभाळ धावत आलं. आधी वारा सुटला, मग गारा पडू लागल्या. सुपारीएवढ्या, आणि बघता बघता लिंबाएवढ्या. आडोशाला एक झाड नाही. माणसं बांधाच्या कडेला डोकी धरून बसली. पण पालखी टेकवता येत नव्हती, आणि खांदेकऱ्यांचे दोन्ही हात दांड्याला. वरचं कापड फाटलं, मुखवट्यावर गारा आदळू लागल्या. तात्यांचं मुंडासं उडालं आणि कपाळावरून रक्त ओघळलं.

"बा, खांदा सोड, मी फुडं येतो," मागच्या दांड्याखालून धोंडू ओरडला.

"तू तुजा संभाळ रं," तात्या म्हणाले. पण त्यांचे गुडघे वाकत होते, ते मला दिसत होतं.

तेवढ्यात ट्रंकांमध्ये अंग चोरून बसलेली सुमी ओरडली, "बाबा, माबाटी, माबाटी!" मोंबासात पत्र्यांना सगळे माबाटीच म्हणतात. त्या पत्र्यांवर चढून मी मिरवत गावात आलो होतो, आणि ते गाडीत आहेत याची आठवण पोरीनं करून द्यावी लागली.

मग कोणी कुणाला बोलावलं ते सांगता येणार नाही. मी ओढलेला पत्रा दुसऱ्या टोकाला सौभाग्यवतींनी धरला. बांधावरून माणसं उठून आली. कुरडया घालणाऱ्या बायका आल्या, मला रोज छळणारे आले. एक पत्रा तात्यांवर, एक मागच्या खांदेकऱ्यांवर, मधला देवीवर. मधला वाऱ्यानं फडफडू लागला, म्हणून मी सुमीला खांद्यावर घेतलं आणि तिनं दोन्ही हात वर करून तो खालून तोलून धरला. माझे हात तिच्या पायांना गुंतलेले. म्हणजे बघा, नवस माझा, पत्रे माझे, आणि छपराला माझं बोटही लागलेलं नाही. ज्या पोरीसाठी छप्पर बोललो होतो, तिनंच ते देवीवर धरलं होतं. वर गारांचा ताशा वाजत होता, थेट मोंबासाच्या त्या दुपारसारखा. फक्त या वेळी मला सुमीचा श्वास ऐकू येत होता, अगदी कानाशी.

"थांबू नका, चालत ऱ्हावा," गुरव म्हणाला, आणि ते छप्पर शेतातून चालू लागलं.

"नीट धरा रं, हलतंय," पत्र्याखालून तात्यांचा आवाज आला.

"बा, देवीवर छप्पर हाय," धोंडू म्हणाला.

तात्यांनी दांडा खांद्यावर नीट घेतला. मग म्हणाले, "ह्ये उडायचं नाय. ह्याला हात हायेत."

शीव आली तेव्हा गारा थांबल्या होत्या. सौभाग्यवती गुरवाला म्हणाल्या, "आता लावा कौल."

"काय इचारायचं, वैनी? मागं बगा," तो म्हणाला.

आम्ही मागं पाहिलं. ऊन पडलं होतं, आणि तरी एकानंही हात खाली घेतले नव्हते. ते माझे लोक होते. मोंबासाच्या बंदरावर मी मोठमोठी जहाजं आणि साहेबांचे सोहळे पाहिले, पण अभिमानानं छाती अशी भरून आलेली मला एरवी कधी आठवत नाही.

पत्रे विकले नाहीत. ठिकठिकाणी पोचे पडलेले ते तात्यांनी मागं ठेवून घेतले, पालखीसोबत न्यायला. देवी टेकाडावर पूर्वीसारखीच उघडी आहे. मला वाटलं होतं, छप्पर म्हणजे खांब रोवून पक्कं करायची वस्तू. म्हणून ते कुठं आणि कसं घालायचं हेही मीच ठरवत होतो. द्यायचं कबूल करावं आणि बाकीचं तिच्यावर सोडावं, एवढंच माझ्या हातात होतं.

मोंबासाला परतल्यावर सुमीच्या मैत्रिणींनी विचारलं, तुमच्या गावचं देऊळ कसं आहे गं? मी दारात उभा होतो; मला वाटलं, आता पोर लाजेल. तिनं हातातली बाहुली खाली ठेवली, दोन्ही हात डोक्यावर उंच केले आणि म्हणाली, "असं."