बाराव्या बोल्टपुढची टिक

आज दारव्ह्यात, आमच्या गॅरेजमध्ये, बाबांच्या जुन्या जीपची बॉडी चॅसीवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून, उचलायची होती. दोन्हींना जोडणारे एकूण बारा बोल्ट. रफीकचाचा मिस्त्री खालून "काढला" म्हणायचे आणि मी यादीत टिक करायची. बाराही टिक झाल्या.

बाबांनी चेनपुली ओढली. तीन कोपरे वर आले, चौथा हलेना. बॉडी तिरपी झाली. समोरच्या कोपऱ्यात बॉडी आणि चॅसीमधल्या फटीत चाचांचा हात होता, जुनं रबर काढत.

"चाचा, हात बाहेर! बाबा, थांबा!"

"काहून ओरडून राह्यली? निघते ना," चाचा म्हणाले, पण हात काढला. तेवढ्यात चौथा कोपरा झटक्यानं सुटला, बॉडी झुलली आणि ती फट दाणकन मिटली.

चाचांनी त्या कोपऱ्यातला बारावा बोल्ट काढलाच होता. हरवू नये म्हणून दोन आटे फिरवून परत त्याच भोकात अडकवला होता. त्यांची नेहमीची पद्धत.

"पोरी, तू ओरडली म्हणून बोटं राह्यली माही," ते म्हणाले.

 पद्धत त्यांची असली, तरी वाकून न बघता केलेली टिक माझी होती. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगणार आहे.

तुम्ही टिक बघून करता की ऐकून?